गोळी : एका अज्ञानाची कैफियत

भाषेच्या अध्यापनात हयात घालवलेल्या माणसाला आपल्याला शब्दांचे अर्थ कळतात असा एक सोयीस्कर भ्रम असतो. आम्हीही त्याला अपवाद नव्हतो. 'गोळी' हाच शब्द घ्या. औषधाची गोळी, लिमलेटची गोळी आणि बंदुकीची गोळी या तिन्ही आम्हांला सारख्याच परिचयाच्या होत्या; म्हणजे पहिल्या दोन खाऊन आणि तिसरी वाचून. दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवणारी माणसे आम्ही विद्यापीठीय समित्यांमध्ये पुष्कळ पाहिली, पण त्या बंदुकीत नेमके काय भरलेले असते याची चौकशी करावी असे तीसेक वर्षांत एकदाही वाटले नाही. रूपकाचे पोट भरले की वस्तूची आठवण कोण ठेवतो?

ही आठवण ठेवण्याचा प्रसंग आमच्यावर आला तो भाचीमुळे. धाकट्या बहिणीची ही मुलगी कोल्हापुरास वाढली. त्या जिल्ह्यातील मुलींना अलीकडे बंदूक ही फार परकी वस्तू वाटत नाही. तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिकला ५० मीटर रायफल प्रोनमध्ये जगज्जेतेपद मिळवले, राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्णपदक आणले. अशा वार्ता ज्या गावी घरोघर चर्चिल्या जातात, तेथील एखादी मुलगी शाळेच्या वयातच एअर रायफल हाती घेते यात नवल नाही. पुढे सरावासाठी ती पुण्यास आमच्या घरी राहावयास आली, आणि एके दिवशी तिने सहज सांगितले, "मामा, येताना एक डबी पेलेट आणाल का? चार-पाचची."

चार-पाचची म्हणजे साडेचार मिलिमीटर व्यासाची, एवढे आम्ही विचारून घेतले होते. दुकानदाराने मात्र अनपेक्षित प्रश्न टाकला : "काका, टोकदार देऊ की चपटी?" दोन्ही डब्यांवर तोच व्यास. आम्ही क्षणभर विचार केला आणि शुद्ध काव्यात्म न्यायाने टोकदार डबी निवडली. जे टोकदार ते लक्ष्याचा वेध घेणारे. बाण टोकदार असतो, टीका टोकदार असते. घरी आल्यावर भाचीने डबी उघडली, एक छर्रा चिमटीत धरून पाहिला आणि ती मनापासून हसली. मग तिने डबी बाजूला ठेवली आणि म्हणाली, "मामा, ही उंदीर मारायला ठीक आहेत."

तेथून आमचे शिक्षण सुरू झाले. त्या शिक्षणाचा हा वृत्तान्त आहे. आणि त्याच्या शेवटी आमच्या एका जुन्या अपराधाची कबुली आहे. ती टाळण्यासाठी आम्ही वृत्तान्त लांबवत आहोत असे कोणास वाटले, तर ते अगदीच खोटे नाही.

दहा मीटरवरील एअर रायफलचा छर्रा हा शिशाचा असतो आणि त्याचे वजन अर्ध्या ग्रॅमच्या आसपास भरते. आकार डमरूसारखा : पुढे डोके, मध्ये बारीक कंबर, मागे पोकळ घेर. आमच्या कल्पनेला धक्का बसला तो डोक्यापाशी. स्पर्धेच्या छऱ्याचे डोके सपाट असते, परटाच्या इस्त्रीने दाबल्यासारखे. कारण सांगितल्यावर सोपे वाटते. येथे कोणास भोसकावयाचे नसून कागदास स्वच्छ भोक पाडावयाचे असते. टोकदार छर्रा कागद फाडतो, भोकाच्या कडा विस्कटतात आणि गुण कोठवर मोजावे हे कळेनासे होते. सपाट डोक्याचा छर्रा कागद कापतो, कारकुनाच्या पंचिंग मशीनसारखा. आता मोठ्या स्पर्धांत इलेक्ट्रॉनिक लक्ष्ये आली आहेत आणि भोक मोजण्याचे काम यंत्राकडे गेले आहे. पण दहा मीटरच्या अंतराला सपाट डोक्याचा छर्राच स्थिर आणि एकसारखा जातो असा अनुभव असल्याने तो टिकून आहे.

आणि मोजायचे तरी किती? लक्ष्यावरील सर्वांत बाहेरचे वर्तुळ ४५.५ मिलिमीटरचे, म्हणजे चहाच्या कपाच्या तळाएवढे. मधले दहाचे 'वर्तुळ' अर्ध्या मिलिमीटरचे. त्यास वर्तुळ म्हणण्यापेक्षा अनुस्वार म्हणणे योग्य. तेथेही थांबत नाहीत. दहाचेही दशांश पाडतात आणि अगदी मध्यावरील नेमास १०.९ गुण देतात. स्पर्धेत साठ बार, म्हणजे कमाल ६५४ गुण. पूर्वी स्त्रियांना चाळीसच बार असत. २०१८ पासून त्यांनाही साठ झाले. निवड-चाचणीत एखाद्या गुणाच्या दशांशाने मुली मागे राहतात. गुणपत्रिकेवर अर्धा गुण वाढवून मागणाऱ्या विद्यार्थ्यांना आम्ही आजवर जे कडवट बोललो, ते सर्व त्या दिवशी मनातल्या मनात परत घेतले.

डोक्याइतकीच महत्त्वाची ती मागची पोकळ घेराची बाजू. बंदुकीच्या नळीच्या आत पीळदार खाचा कोरलेल्या असतात. मागून दाबलेली हवा आली की घेर किंचित फुगतो, त्या खाचांना घट्ट बसतो, हवेला बाजूने निसटू देत नाही, आणि छर्रा स्वतःभोवती फिरत बाहेर पडतो. भोवरा फिरतो तोवर उभा राहतो, तद्वतच फिरती गोळी आपली दिशा सोडत नाही.

भाची हे सांगत असता आमच्या डोक्यात भलतेच चक्र फिरू लागले. मागे पोकळी असलेली शिशाची गोळी, ती दाबाने फुगणे, पिळास घट्ट बसणे, हे आम्ही कोठे वाचले होते? आठवले ते १८५७. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मिनिए नावाच्या फ्रेंच अधिकाऱ्याने जी गोळी रूढ केली तिचे मर्म हेच होते, आणि कंपनीच्या शिपायांना देऊ केलेल्या एन्फिल्ड रायफलीची गोळीही त्याच तत्त्वावरची. पिळाची नळी त्यापूर्वीही होती. पण तीत घट्ट बसणारी गोळी वरून ठासून भरणे महाकष्टाचे. पोकळ बुडाची गोळी आत सैल जाई आणि बार उडताच फुगून घट्ट होई. सैल जावी म्हणून वंगण आणि वंगण लावलेला कागद. त्या कागदी पुडक्याचे टोक दाताने तोडावयाचे. त्या वंगणात गाईची वा डुकराची चरबी असल्याची वदंता डमडमपासून पसरत गेली, आणि पुढचा इतिहास वाचकांना विदित आहे. वरसईच्या विष्णुभट गोडशांनी 'माझा प्रवास'मध्ये शिपायांकडून ऐकलेली काडतुसांची हकीकत नमूद केली आहे. ते पुस्तक आम्ही वर्गात कितीतरी वेळा शिकवले, भिक्षुकाच्या गद्यातील नितळपणावर तास घेतले. पण काडतूस म्हणजे काय असा प्रश्न ना विद्यार्थ्यांनी विचारला ना आम्हांला पडला.

त्या रात्री आम्ही कोश उघडला. 'काडतूस' हा शब्द मराठीत आला तो पोर्तुगिजांकडून, बटाटा आणि पाव यांच्या सोबतीने, मूळ 'कार्तूशु'. त्याच्या कुळाचा शोध घेत गेले तर फ्रेंच व इटालियन भावंडांमार्गे आपण लॅटिनमधील कागदाच्या शब्दापाशी पोचतो, ज्यापासून 'कार्ड' आणि 'चार्ट' हेही निघाले. म्हणजे काडतूस हे मुळात कागदाचे पुडके. आम्ही आयुष्यभर कागदावर जगलो, आणि हा आमचाच एक दूरचा नातेवाईक भलत्या वस्तीत राहत होता.

यथावकाश भाची एअर रायफलीकडून पॉइंट टू-टू कडे वळली. येथे आमच्या अज्ञानाचा दुसरा अध्याय उघडला. आपण ज्यास सरसकट गोळी म्हणतो ती वस्तुतः चार गोष्टींची बांधणी असते : पितळेची पुंगळी, तीत दारू, तळाशी ठिणगी पाडणारा स्फोटक मसाला, आणि पुढे बसवलेली शिशाची गोळी. उडते ती फक्त पुढची. मोठ्या काडतुसांत ठिणगीचा मसाला तळाच्या मध्यभागी एका टोपीत असतो. टू-टू मध्ये तो तळाच्या कडेच्या पोकळ घडीत भरलेला असतो आणि घोडा त्या कडेवर आपटतो. टू-टू लाँग रायफल हे काडतूस १८८७ सालचे. मराठी कादंबरीने तेवढ्या काळात किती कात टाकली ते पाहा. या चिमुकल्या काडतुसाने आपली मापे जवळजवळ तीच ठेवली. गोळीचे वजन ४० ग्रेन, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅम, व्यास ५.६ मिलिमीटर, आणि तिच्या अंगावर आजही मेणाचा वा तत्सम वंगणाचा पातळ लेप.

दुकानात टू-टू चेही प्रकार. एक 'हाय व्हेलॉसिटी', दुसरे 'स्टँडर्ड', तिसरे स्पर्धेचे 'मॅच'. या खेपेस आम्ही शहाणे झालो होतो; जे अधिक वेगवान ते अधिक चांगले असे मानण्याची चूक आम्ही केली नाही, निदान उघडपणे. भाचीच्या प्रशिक्षकांनी, त्या मितभाषी बाई आहेत, रेंजवर आम्हांस समजावले. "सर, आवाजाचा वेग सेकंदाला तीनशे चाळीस मीटरच्या आसपास. वेगवान गोळी तो ओलांडून निघते आणि वाटेत मंदावून पुन्हा त्याच्या खाली येते. त्या ओलांडण्यात ती डगमगते. आमची मॅच गोळी मुळातच आवाजाच्या थोडी खाली ठेवलेली असते, तीनशे तीसच्या आत. तिला काही ओलांडायचंच नसतं."

तिला काही ओलांडायचेच नसते! पुढे कित्येक दिवस हे वाक्य आमच्या कानांत घुमत होते.

पण खरी गंमत पुढेच आहे. एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या, एकाच किमतीच्या दोन पेट्या सारख्या नसतात. कारखान्यात एका बैठकीत जो माल निघतो त्यास एक क्रमांक असतो, नेमबाज त्यास 'लॉट' म्हणतात. दोन लॉटांमध्ये दारूचा, मसाल्याचा, वंगणाचा, पुंगळीच्या जाडीचा इतका सूक्ष्म फरक असतो की तो मोजून सापडत नाही, झाडूनच सापडतो. म्हणून इंग्लंड-जर्मनीतील नामांकित कारखान्यांकडे नेमबाज स्वतःची रायफल घेऊन जातात. ती शिकंजात आवळून, म्हणजे माणसाचा थरथरता हात वगळून, एकेका लॉटच्या गोळ्या पन्नास मीटरवर झाडतात आणि भोकांचा पुंजका मोजतात. पन्नास मीटरवर दहाचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे असते. पुंजका त्यात सुखाने मावला पाहिजे. जो लॉट एका रायफलीला मानवतो तो दुसरीला मानवेलच असे नाही. दोन नळ्या एकाच यंत्रावर, एकाच दिवशी तयार झालेल्या असोत. प्रत्येकीची आवड निराळी. मग आवडलेल्या लॉटच्या हजारो गोळ्या एकदम घेऊन ठेवावयाच्या, कारण तो लॉट संपला की संपला. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्सच्या अंतिम फेरीत ४५१.४ गुणांनिशी कांस्यपदक मिळवले, तेव्हा आम्ही दूरदर्शनसमोर बसून प्रथमच बंदुकीकडे न पाहता तिच्या पोटातील गोष्टीविषयी विचार करीत होतो.

विविध प्रकार म्हटले की छऱ्यांच्या काडतुसांना वगळून चालणार नाही. ट्रॅप आणि स्कीट या प्रकारांत आकाशात फेकलेल्या ११० मिलिमीटरच्या ठिसूळ तबकड्या फोडावयाच्या असतात. बंदूक बहुधा 'बारा बोअर'ची. या बाराचा हिशेब भलताच जुना : एक पौंड शिशाच्या बारा समान गोळ्या केल्या तर त्यातील एक ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोअर. म्हणून आकडा वाढला की नळी लहान होते. छऱ्यांचे क्रमांकही असेच उफराटे. साडेसात नंबरचा छर्रा सुमारे २.४ मिलिमीटरचा, नऊ नंबरचा सुमारे दोनचा. ऑलिंपिक नियमांनुसार काडतुसात शिसे २४ ग्रॅमहून अधिक असता कामा नये. आम्ही कागदावर हिशेब केला : साडेसातचे सुमारे तीनशे आणि नवाचे पाचशेवर छर्रे. ट्रॅपमध्ये तबकडी दूर पळत असते, तेथे थोडे पण दमदार दाणे. स्कीटमध्ये ती जवळून आडवी जाते, तेथे बारीक दाण्यांचा दाट शिडकावा. २००४ साली अथेन्सला राज्यवर्धनसिंह राठोड यांनी डबल ट्रॅपमध्ये रौप्यपदक मिळवले तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या, त्या या हिशेबाविनाच. या तबकड्यांना अजूनही 'मातीचे कबूतर' म्हणतात. कारण त्यांच्या जागी एकेकाळी खरी कबुतरे असत. १९०० साली पॅरिसच्या खेळांच्या वेळीही जिवंत कबुतरांवर नेम धरण्यात आला होता. खेळ सुधारत गेला तो असा : पक्षी गेला, नाव राहिले.

येथे वाचक विचारतील की हे सर्व ठीक, परंतु गोळी ती गोळीच ना? हा प्रश्न आम्हांला नवा नाही. ज्या डमडमहून चरबीची वदंता निघाली, तेथल्याच शस्त्रागारात १८९० च्या दशकात टोकाशी आवरण नसलेली, शरीरात शिरताच फुलणारी गोळी तयार झाली. गावाचे नाव तिला चिकटले, आणि १८९९ मध्ये हेग येथे अशा गोळ्या युद्धात न वापरण्याची घोषणा करण्यात आली. आज शिकारीत मात्र फुलणारी गोळीच वापरतात, जनावर तडफडत राहू नये म्हणून. म्हणजे एकीकडे क्रूर ठरलेली वस्तू दुसरीकडे दयेची ठरते. आणि खेळातील सपाट डोक्याचा छर्रा या दोहोंच्या बाहेर, कागदापाशी थांबलेला. गोळीचा आकार पाहून तिचा हेतू वाचता येतो, एवढे आम्ही आता शिकलो आहोत. हेतू मात्र करणाऱ्याचा, की वापरणाऱ्याचा, की केवळ तपासणाऱ्याचा, हे कोडे आमच्या घरात पंचेचाळीस वर्षे पडून होते.

आमचे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, दारूगोळ्याच्या एका सरकारी कारखान्यात तपासनीस होते. ते सकाळी सायकलने जात आणि संध्याकाळी परतत. परतल्यावर ते पुढच्या दाराने कधीच येत नसत. घराच्या कडेच्या बोळातून मागच्या हौदापाशी जात, कामाचे कपडे तेथेच उतरवत, आणि लाल साबणाने हात धूत. किती वेळ धूत! नखांना ब्रश, बोटांच्या बेचक्या, मग मनगटे, मग कोपरांपर्यंत. पुन्हा साबण. धाकटी बहीण तेव्हा चार-पाच वर्षांची; ती धावत जाई तेव्हा अण्णा दोन्ही हात वर उचलून म्हणत, "थांब, हात लावू नकोस." ओले हात वर धरून उभा असलेला तो माणूस आम्हांला आजही लख्ख दिसतो.

१९७९-८० च्या सुमारास आम्ही बी. ए. ला होतो. 'मॅक्बेथ' अभ्यासाला होते, शिरवाडकरांचा 'राजमुकुट'ही वाचून झाला होता, आणि युद्धविरोधी कविता लिहिण्याचे ते वय होते. एके संध्याकाळी कशावरून तरी वाद झाला आणि आम्ही अण्णांना म्हणालो की तुमच्या हातांखालून गेलेली प्रत्येक गोळी कोठे ना कोठे कोणाला तरी लागते, आणि म्हणूनच तुमचे हात धुऊन संपत नाहीत. वाक्य आम्हांला फार चांगले जमल्यासारखे वाटले. अण्णा काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मी खराब माल बाजूला काढतो. तेवढंच माझं काम." त्यांनी टॉवेल खुंटीला लावला आणि ते आत गेले. त्यानंतर त्या विषयावर आमच्यात एक शब्द झाला नाही. आणि अण्णांना जाऊन आता एकवीस वर्षे झाली. त्यांचे हात धुणे हे आम्ही पुढे एका कवितेत घातले, ती एका अनियतकालिकात छापून आली, आणि दोघा-तिघांनी तिच्यातील प्रतीकाची वाखाणणी केली.

त्यांच्या मागे राहिलेल्या लाकडी पेटीत एक मायक्रोमीटर होता. भाची निवड-चाचणीची तयारी करीत असता आम्हांला तो आठवला. छऱ्यांच्या डब्यांवर डोक्याचा व्यास छापलेला असतो, ४.४९ वा ४.५०; मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा हा फरक. आम्ही मोठ्या उत्साहाने मायक्रोमीटर घेऊन रेंजवर गेलो. प्रशिक्षकबाईंनी तो हातात घेतला, त्याचा स्क्रू फिरवून पाहिला, तो अजून किती हलका चालतो याचे कौतुक केले आणि परत दिला. "सर, शिसं मऊ असतं. याच्यात धरलं की दबतं. आम्ही झाडूनच बघतो." अण्णांचा मायक्रोमीटर पितळेसाठी होता. आम्ही तो रुमालात गुंडाळून परत आणला.

चाचणीत भाची निवडीच्या रेषेच्या ०.४ गुणांनी मागे राहिली. तिचा आवडता लॉट संपत आला होता आणि तिने शेवटच्या डब्या सरावाऐवजी चाचणीसाठी राखल्या होत्या, तरीही. ती रडली नाही. घरी आली, रायफल कपाटात कुलुपात ठेवली आणि थेट मोरीत गेली. आमचा दहा महिन्यांचा नातू रांगत तिच्या मागे निघाला. तिने वळून दोन्ही हात वर उचलले आणि म्हणाली, "थांब रे सोन्या, हात लावू नकोस."

मग तिने हात धुतले. साबण लावून, नखे घासून, मनगटापर्यंत, पुन्हा साबण. आम्ही दारात उभे होतो. आमच्या तोंडून कसाबसा प्रश्न निघाला की एवढे कशासाठी. तिने मागे न पाहताच उत्तर दिले, "शिसं असतं ना मामा. पेलेटचं बोटांना लागतं, टू-टू च्या धुरातही असतं. लहान मुलांना फार वाईट. कपडेसुद्धा वेगळे धुवायचे. आमच्या रेंजवर पहिल्या दिवशी हेच शिकवतात, बंदूक नंतर."

आम्ही आत येऊन बसलो. ठिणगीच्या मसाल्यात शिशाचे क्षार असतात, गोळी शिशाची असते, शिसे मुलांच्या मेंदूस बाधते, हे सर्व आम्ही गेल्या वर्षभरात तुकड्या-तुकड्यांनी वाचले होते. ते तुकडे एकमेकांना जोडणे आम्हांला सुचले नव्हते.

रात्री बहिणीला कोल्हापूरला फोन केला. निकालाविषयी थोडे बोलणे झाले, आणि मग आम्ही विचारले, अण्णा हौदापाशी इतके हात का धूत असत, ठाऊक आहे का? ती म्हणाली, "शिशासाठी. का रे, दादा?" तुला कोणी सांगितले, असे विचारले. "अण्णांनीच. मी विचारलं होतं लहानपणी, तुम्ही मला उचलून का घेत नाही म्हणून. ते म्हणाले, हातावर विष असतं बाळ, ते आधी काढतो, मग घेतो." थोडे थांबून ती म्हणाली, "तू नव्हतं विचारलंस?"

नव्हते विचारले. आम्ही अर्थ लावला होता.

साहित्याच्या विद्यार्थ्यांसमोर ही हकीकत ठेवावी की नाही याविषयी आम्ही बरेच दिवस घुटमळलो. प्रतीक शोधू नये असे आम्हांला म्हणावयाचे नाही. तो आमचा व्यवसाय आहे, आणि पोटापाण्याशी बेइमानी करण्याचे हे वय नव्हे. अण्णांच्या मनात त्या मालाविषयी टोचणी नव्हतीच असेही आम्ही आज छातीठोकपणे सांगू शकत नाही. एकदा चुकीचा अर्थ लावणाऱ्याने दुसऱ्यांदा उलट दिशेने तीच घाई करू नये. त्यांनी खराब माल बाजूला काढला आणि चांगला पुढे पाठवला. तो चांगला माल कोठे गेला, हा प्रश्न अजून आमच्यापुढे तसाच उभा आहे. एवढे मात्र खरे की हौदापाशी उभ्या असलेल्या त्या माणसाच्या हातांवर एक वस्तू होती, तिला वजन होते, ती साबणाने निघत होती, आणि ती काढण्याचे कारण आम्ही होतो. आम्ही त्या हातांवर शेक्सपिअर वाचला.

त्या कवितेचे कात्रण अजून आमच्यापाशी आहे. ते फाडून टाकावे असे एकदा मनात आले, पण तेही नाटकच झाले असते. ते मायक्रोमीटरच्या पेटीत ठेवले आहे.

भाचीने नव्या लॉटच्या चार निरनिराळ्या डब्या मागवल्या आहेत. रविवारी त्या झाडून पाहावयाच्या आहेत आणि प्रत्येक पुंजका मोजून वहीत मांडण्याचे काम तिने आमच्याकडे दिले आहे. वहीत स्तंभ आखून झाले आहेत : लॉट क्रमांक, बारांची संख्या, पुंजक्याचा व्यास, शेरा. शेऱ्याच्या स्तंभात विशेषणे लिहू नयेत अशी ताकीद मिळाली आहे. परतल्यावर मागच्या दाराने यावयाचे आणि आधी हात धुवावयाचे, हे आता आम्हांला कोणी सांगावे लागत नाही.

असो.